सावलीचं माप

तोडणीच्या वीस दिवस आधी
बाबा चहाच्या रांगांवर मांडव घालायचे.
बोरूच्या चटया, त्यावर भाताचा पेंढा,
आज थोडा, चार दिवसांनी आणखी थोडा,
आजाऱ्याच्या खोलीतला पडदा
कुणी आवाज न करता ओढत न्यावा तसा.

ऊन तोडलं की पान गर्द होतं, म्हणायचे.
उपाशी पान गोड होतं.
माणसांबद्दल हे मला कधीच पटलं नाही.
चहाबद्दल ते चुकत नसत.

मग ते मांडवाच्या फळीवरून पडले.
त्याच वर्षी शेजारच्या माकिनोंनी
आपला मळा बांबूंच्या हवाली केला,
आणि मी हामामात्सूच्या पियानोच्या कारखान्यातली
अकरा वर्षं दोन खोक्यांत भरून
कामिनोसेला परत आले.

सोलर पॅनेल लावायचे म्हटल्यावर
बाबांनी एवढंच विचारलं,
'त्याला पेंढ्याचा वास येणार का?'
आणि सबंध हिवाळा
माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलले.

शेतीखात्यातल्या माणसानं अर्ज तीनदा परत पाठवला.
पीक बुडलं तर खांब उपटायचे,
असं माझ्याकडून लिहून घेतलं, शिक्का मारून.
खांब उभे राहिले, तोडणीयंत्र खालून जाईल एवढे उंच.
वर काळ्यानिळ्या पट्ट्या,
दोन पट्ट्यांमध्ये हातभर आभाळ.

मी उजेड मोजायचं यंत्र घेऊन
रांगारांगांतून हिंडायची, आकडे वहीत उतरवायची.
बाबा बांधावर उकिडवे.
एक दिवस काठी टेकत आले,
पट्टीखाली तळहात उघडा धरला,
थेंब पडतोय का बघावं तसा,
आणि कवडसा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत
चालत जाईस्तोवर हलले नाहीत.

'पेंढ्यातून ऊन पाझरतं,' म्हणाले.
'इथे ते कापून टाकल्यासारखं पडतं.'

माझ्या यंत्रात पाझरण्याला आकडा नव्हता.

त्यानंतर मी पाना घेऊन शिडीवर,
ते खाली काठी उचलून:
ही तिरकी कर. अजून. आता जास्त झाली.
एका पट्टीपायी दुपार गेली.
खालून ओरडले, 'सायोको, ऊन कलायच्या आत उतर,'
नाव घेऊन, चार महिन्यांनी.

एप्रिलात एका रात्री दंव गोठलं.
सकाळी उघड्या वाफ्यातले कोंब
जळक्या काडीसारखे.
पट्ट्यांखालचे ओले, हिरवे, जागे.
बाबांनी दोन्हीकडची दोन पानं खुडली,
बंडीच्या खिशात ठेवली.
त्या खिशाबद्दल मी काही विचारलं नाही.

मे महिन्यात पान उतरलं.
वाफवलं, मळलं,
वाळवणीचं यंत्र घरघरू लागलं
आणि भिंतीवरच्या मीटरवर
आमच्याच मळ्यावरचं ऊन धावताना दिसलं.
वीस दिवस ज्याला पानाच्या तोंडावरून हाकललं,
ते तारेतून मागच्या दारानं आत येऊन
त्याच पानाचं पाणी काढत होतं.
मला हसू आलं. बाबांना नाही.

पहिला चहा कोमट पाण्यात, आईच्या पेल्यात.
बाबांनी घोट जिभेवर इतका वेळ धरला
की बाहेर माकिनोंच्या बांबूंत
एक पाखरू ओरडून थांबलं, पुन्हा ओरडलं.

'तिसऱ्या खांबाजवळचं पान
यात मिसळलंयस.'

मिसळलं होतं. मूठभर.

'तिथे फटीखाली एक चटई टाकू पुढच्या वर्षी.'
पेला उपडा घातला आणि उठले.

मी वीजबिलाचा कागद शोधत होते
तेव्हा परसातून
कोयता दगडावर घासल्याचा आवाज आला.
बोरू कापायला अजून पाच महिने होते.